प्रोड्यूसर्स ८८: लँडमनने पुढे केलेला छापील फॉर्म सहीच्या लायकीचा आहे का?

काय आहे: तेल-वायूच्या लीजचा छापील फॉर्म, दोन ते चार पानं, मुंगीएवढी अक्षरं
कुठे मिळतो: टेक्ससमध्ये लँडमन, म्हणजे तेल कंपनीसाठी जमिनी लीजवर मिळवणारा माणूस, घरपोच आणून देतो, फुकट
कोणासाठी: तेल कंपनीसाठी उत्तम; खनिज हक्काच्या मालकासाठी पुरवणी जोडल्याशिवाय नाही
गुण: नुसता फॉर्म ५ पैकी १, नीट पुरवणी जोडून ४

टेक्ससमध्ये जमिनीचा वरचा भाग एकाच्या नावावर आणि खालचं तेल-वायू दुसऱ्याच्याच नावावर असू शकतं. आपल्याकडे तेल सरकारचं. मेहसाण्यात काय किंवा आसामात काय, शेतकऱ्याला वरच्या जमिनीची भरपाई मिळते आणि विषय संपतो. टेक्ससमध्ये मात्र खालच्या हक्काचा मालक स्वतः कंपनीशी भावताव करतो, आणि त्या भावतावाची सुरुवात बहुतेक वेळा ‘प्रोड्यूसर्स ८८’ या फॉर्मने होते. ह्यूस्टन, डॅलस-फोर्ट वर्थकडच्या ज्या मराठी कुटुंबांनी शहराबाहेर दहा-वीस एकर घेतले आहेत, त्यांच्याही दारात तो कधी ना कधी येतो. मात्र आधी आपली डीड, म्हणजे खरेदीखत, काढून बघावी. विकणाऱ्याने खनिज हक्क स्वतःकडे राखून ठेवले असतील तर बोलण्यासारखं काही उरत नाही, आणि बिल्डरने पाडलेल्या प्लॉटांमध्ये बहुतेकदा तेच झालेलं असतं. मालकीहक्काची हमी देणाऱ्या टायटल कंपनीच्या विम्यावर विसंबू नये, कारण खनिजांचा भाग त्यातून वगळलेला असण्याची शक्यता दाट असते. खनिजांचा सातबारा तिथे नाही. काउंटी क्लर्कच्या दप्तरातली डीडमागून डीडची साखळी हाच पुरावा.

लँडमन फॉर्म पुढे सरकवताना म्हणतो, “हा स्टँडर्ड आहे, सगळे यावरच सही करतात.” या वाक्याला किंमत देऊ नका. वरच्या कोपऱ्यात ‘प्रोड्यूसर्स ८८, पेड अप (मुदतीचं भाडं आगाऊ दिलेलं), ६४० एकर पूलिंग’ असं काहीतरी छापलेलं असतं, शेजारी सुधारणेचा महिना आणि वर्ष. ती ओळ कोणीही कोणत्याही मजकुराच्या वर छापू शकतो. १९३३ मध्येच टेक्ससच्या न्यायालयासमोर ‘फॅग विरुद्ध टेक्सस कंपनी’ हा खटला आला होता. करारात ‘८८ फॉर्मवर लीज देऊ’ एवढंच लिहिलं होतं. न्यायालय म्हणालं, ८८ म्हणजे नेमका कोणता हेच ठरत नाही, तेव्हा याची अंमलबजावणी करता येणार नाही. शेजाऱ्याने ८८ वर सही केली म्हणून तुमच्या हातातला कागद तोच असेल असं नाही. दोन्ही शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघा.

आता माल उघडून बघू.

रॉयल्टी

रॉयल्टी म्हणजे निघालेल्या तेल-वायूतला तुमचा हिस्सा. जुन्या प्रतींत एक अष्टमांश, म्हणजे १२.५ टक्के, थेट छापलेले असतात. नव्या प्रतींत जागा रिकामी असते आणि लँडमन तिथे ३/१६, म्हणजे १८.७५ टक्के, लिहून मोठी सवलत दिल्याचा आव आणतो. चांगल्या पट्ट्यात पाचवा किंवा चौथा हिस्सा मागणं यात वावगं काही नाही. टेक्सस विद्यापीठांच्या जमिनींसाठी चौथा हिस्साच घेतला जातो. पण सगळे जण याच अपूर्णांकावर अडून बसतात, आणि फॉर्मचा खरा डंख पुढच्या ओळीत असतो: रॉयल्टी कशावर मोजायची?

फॉर्म म्हणतो, वायूची रॉयल्टी ‘विहिरीपाशी असलेल्या बाजारभावा’वर. विहिरीपाशी वायू कोणी विकत घेत नाही. तो गोळा करावा लागतो, त्याचा दाब वाढवावा लागतो, त्यातलं पाणी काढावं लागतं, हायड्रोजन सल्फाइड असेल तर तो काढावा लागतो, प्रक्रिया कारखान्यात न्यावा लागतो, मग पाइपलाइनचं भाडं. विक्रीच्या किमतीतून हा सगळा खर्च मागे मागे वजा करत आलं की जो आकडा उरतो तो ‘विहिरीपाशीचा भाव’. म्हणजे वजावटीचं वेगळं कलम नसतानाही वजावट लागू झाली.

समजा हजार घनफूट वायू पाइपलाइनवर ३ डॉलरला विकला आणि मधला खर्च ९० सेंट आला. फॉर्मच्या भाषेत चौथा हिस्सा म्हणजे २.१० डॉलरचा चौथा, साडेबावन्न सेंट. विनावजावट पाचवा हिस्सा घेतला असता तर ३ डॉलरचा पाचवा, ६० सेंट. २५ टक्के २० टक्क्यांपेक्षा कमी भरले. वायूचा भाव पडतो तेव्हा हे आणखी बोचतं, कारण मधला खर्च भावाबरोबर खाली येत नाही. भाव दीड डॉलरवर आला की खर्च तोच धरून उरतात ६० सेंट, आणि त्याचा चौथा हिस्सा १५ सेंट.

“मग खाली लिहू ना, कोणतीही वजावट करायची नाही.” हेच पुरत नाही. १९९६ मध्ये ‘हेरिटेज रिसोर्सेस विरुद्ध नेशन्सबँक’ खटल्यात लीजमध्ये असं वाक्य होतं, तरीही टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने वजावट मान्य केली. कारण वाक्याचा अर्थ ‘विहिरीपाशीच्या बाजारभावातून वजावट नको’ असा निघत होता, आणि तो भाव मुळातच खर्च वजा करून ठरलेला. त्यानंतर वकील मंडळी पुरवणीत ‘हेरिटेजचा निकाल या लीजला लागू नाही’ अशी ओळ टाकू लागली. २०१६ च्या ‘चेसापीक विरुद्ध हायडर’ खटल्यात मालक जिंकले, पण न्यायालयाने हेही बजावलं की नुसत्या त्या ओळीने खर्च माफ होत नाही, करारातले शब्दच तसे हवेत. २०२१ च्या ‘ब्लूस्टोन विरुद्ध रँडल’ खटल्यातून मालकांनी उचलायचं ते हे: छापील फॉर्ममध्ये विहिरीपाशीचा भाव होता, जोडलेल्या पुरवणीत ‘मिळालेली ढोबळ किंमत’ होती, आणि दोन्हींत विरोध आला तर पुरवणी वरचढ असं स्पष्ट लिहिलं होतं. पुरवणी टिकली.

म्हणून पुरवणीत हे हवं. मोजणीचा पाया ‘विहिरीपाशी’ नको, ‘पहिल्या त्रयस्थ ग्राहकाकडून विक्रीच्या ठिकाणी मिळालेली ढोबळ रक्कम’ हवा. खर्चांची नावं एकेक करून लिहा आणि त्यातला एकही थेट किंवा आडवळणाने वजा करायचा नाही असं म्हणा. आडवळणाने हा शब्द महत्त्वाचा, कारण खरेदीदारच खर्च कापून भाव देतो आणि कंपनी म्हणते, आम्ही कुठे काही कापलं? कंपनीने आपल्याच उपकंपनीला माल विकला तर भाव त्रयस्थ विक्रीचा धरायचा. आणि फॉर्ममधलं ‘कंपनीला लीजवरचं तेल, वायू, कोळसा आणि पाणी मोफत वापरता येईल’ हे वाक्य वायूपुरतं तरी खोडा. कॉम्प्रेसर चालवायला जळलेला आणि फ्लेअरच्या चिमणीवर पेटवून दिलेला वायूही तुमचाच होता. त्यावर रॉयल्टी लिहून घ्या. कंपनी यावर कुरकुर करते, पण हा मुद्दा मिळतो.

तेलाबाबत हा प्रकार सौम्य असतो, कारण तेल टाकीतून ट्रकने उचललं जातं आणि मधला खर्च थोडा असतो. तुमचा पट्टा तेलाचा आहे की वायूचा, हे आधी बघा आणि मगच कोणत्या कलमासाठी किती ताणायचं ते ठरवा.

पूलिंग

‘६४० एकर पूलिंग’ ही शीर्षकातलीच ओळ आहे आणि ती बहुतेक लोक वाचत नाहीत. तिचा अर्थ असा की कंपनी तुमची जमीन शेजारच्या जमिनींबरोबर एका युनिटमध्ये घालू शकते: वायूसाठी ६४० एकर आणि वर १० टक्के, तेलासाठी बरंच कमी, आणि रेलरोड कमिशनचे (टेक्ससमध्ये तेल-वायूवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियम परवानगी देत असतील तर त्याहून मोठं. तुम्हाला विचारायची गरज नाही, तुमची सही आधीच झालेली असते. पूलिंगला सरसकट नकार देणं मात्र शहाणपणाचं नाही. आडव्या विहिरी मैल-दोन मैल जातात, लहान तुकडा एकटा खणला जात नाही.

अडचण इथे येते. तुमचे ४० एकर आहेत. कंपनीने त्यातले फक्त १० युनिटमध्ये घेतले. फॉर्मप्रमाणे युनिटवर कुठेही विहीर चालू असली की तुमचे सगळे ४० एकर लीजखाली अडकले. रॉयल्टी मात्र १० एकरांचीच: १० भागिले ६४०, गुणिले ०.२५, म्हणजे ०.००३९०६२५. उरलेले ३० एकर ना पैसे देतात, ना दुसऱ्या कंपनीला देता येतात, आणि हे विहीर चालेल तितकी वर्षं. लुइझियानातल्या क्राउली गावचे वकील लॉरेन्स प्यू यांनी १९४७ मध्ये यावर उतारा काढला. तो आज प्यू क्लॉज म्हणून ओळखला जातो: मूळ मुदत संपली की युनिटबाहेरची जमीन मोकळी. छापील ८८ मध्ये तो नसतो. तो तुम्हीच घालायचा.

दुसरा प्यू खोलीचा. कंपनीने ८,००० फुटांवरच्या थरातून वायू काढला तर त्याखालचे थरही तिच्याच ताब्यात राहतात. पर्मियन बेसिनसारख्या ठिकाणी, जिथे एकाखाली एक पाच-सहा थर पैसे देणारे आहेत, तिथे हे सोडणं म्हणजे पाच मजली इमारत एका मजल्याच्या भाड्यात देणं. पुरवणीत लिहा: मुदतीनंतर उत्पादन देणाऱ्या सर्वात खोल थराच्या तळाखाली १०० फुटांपासून पुढचं सगळं परत. तळ कोणत्या विहिरीच्या कोणत्या लॉगवरून (थरांच्या मोजणीच्या नोंदीवरून) धरायचा तेही लिहावं, नाहीतर दहा वर्षांनी भूगर्भतज्ज्ञांची फी भरत बसावं लागेल.

मुदत

फॉर्मवर ‘तीन वर्षं’ लिहिलेलं असतं. मग शेवटच्या परिच्छेदात किंवा वेगळ्या पानावर दोन वर्षं वाढवण्याचा पर्याय असतो. तो कंपनीचा, तुमचा नाही. तेव्हा हे लीज पाच वर्षांचंच समजा. पर्याय काढून टाका. कंपनी अगदीच अडली तर वाढीचा बोनस (लीज देण्याबद्दल मिळणारी एकरकमी रक्कम) पहिल्यापेक्षा जास्त लावा आणि तो मुदत संपण्याआधी रोख द्यायचा असं घाला.

त्यापुढची ओळ: ‘आणि त्यानंतर तेल किंवा वायू निघत राहील तोवर.’ टेक्ससमध्ये याचा अर्थ परवडण्याजोगं उत्पादन असा लावतात. १९५९ च्या ‘क्लिफ्टन विरुद्ध कून्ट्झ’ खटल्यात ठरलेली कसोटी अशी की विहीर खर्च भागवून थोडा तरी नफा देते का, आणि नसेल देत तर शहाणा व्यावसायिक ती चालू ठेवेल का. कागदावर हे मालकाच्या बाजूचं दिसतं. प्रत्यक्षात रखडत चालणारी विहीर परवडत नाही हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.

शट-इन रॉयल्टीचं कलम त्याहून वाईट. विहिरीत वायू आहे पण ग्राहक किंवा पाइपलाइन नाही म्हणून ती बंद ठेवली, तर फॉर्मनुसार वर्षाला एकरी १ डॉलर टाकला की लीज जिवंत राहतं. १ डॉलर! रक्कम वाढवा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकूण मर्यादा घाला: सगळी मिळून दोन वर्षं, त्यापुढे नाही. उत्पादन थांबल्यावर पुन्हा काम सुरू करायला फॉर्म ६० किंवा ९० दिवस देतो. तेवढं ठीक आहे, त्यावर भांडण वाया घालवू नका.

फोर्स मॅज्युअर, म्हणजे पूर-वादळासारखी अटळ आपत्ती, या कलमात ‘कंपनीच्या नियंत्रणाबाहेरचं कोणतंही कारण’ अशी पोती भरलेली असतात. रिग (खोदकामाचं यंत्र) मिळाली नाही, बाजार पडला, पैसे नव्हते, ही कारणं त्यातून स्पष्ट वगळा. २०२३ मध्ये ‘पॉइंट एनर्जी विरुद्ध एमआरसी पर्मियन’ खटल्यात कंपनीने खणायची तारीखच चुकीची धरून ठेवली होती आणि मग दुसरीकडच्या विहिरीवरच्या अडचणीमुळे रिगला उशीर झाला म्हणून याच कलमाचा आधार घेतला. टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने तो दिला नाही. मालक जिथे खटला लढू शकत नाहीत तिथे मात्र ही पळवाट चालून जाते.

जमीन आणि पाणी

वरची जमीनही तुमचीच असेल तर हा भाग डोळ्यांत तेल घालून वाचा. टेक्ससच्या कायद्यात खालचा हक्क वरच्यापेक्षा श्रेष्ठ. खालच्याला लागेल तेवढी वरची जागा वाजवीपणे वापरता येते. १९७१ च्या ‘गेटी ऑइल विरुद्ध जोन्स’ खटल्याने त्याला थोडा लगाम घातला: वरच्या मालकाचा आधीपासून चालू असलेला वापर मोडत असेल आणि कंपनीकडे उद्योगात रूढ असलेला दुसरा मार्ग असेल तर तिने तो घ्यावा. पण हे कोर्टात सिद्ध करण्यापेक्षा कागदावर आणणं स्वस्त पडतं.

छापील फॉर्म घर आणि धान्यकोठारापासून २०० फूट सोडतो, तेही सहीच्या दिवशी जी घरं उभी आहेत तेवढ्यांपासूनच. २०० फूट म्हणजे सुमारे ६१ मीटर. रात्रंदिवस चालणारी रिग ६१ मीटरवर! छोटा तुकडा असेल तर सरळ ‘पृष्ठभागाचा वापर नाही’ लिहून घ्या. आडवी विहीर शेजारच्या पॅडवरून, म्हणजे खोदकामासाठी सपाट केलेल्या जागेवरून, तुमच्या खाली येऊ शकते. मोठी जमीन असेल तर पॅडचे एकर, रस्त्याची रुंदी, फाटकं, कुंपण, वरची माती वेगळी साठवणं, काम संपल्यावर सहा महिन्यांत जागा पूर्ववत करणं, आणि प्रत्येक पॅडमागे ठरलेली नुकसानभरपाई, हे आकड्यांत लिहा.

पाण्याचं मघाचं मोफत-वापराचं वाक्य पुन्हा वाचा. फॉर्म फक्त तुमच्या सध्याच्या विहिरींचं पाणी वगळतो. कंपनीने नवी बोअर मारली तर ते पाणी फुकट. टेक्ससमध्ये भूजल जमीनमालकाचं असतं, आणि एका आडव्या विहिरीच्या फ्रॅकिंगला (दाबाने पाणी सोडून खडक फोडण्याला) लाखो गॅलन पाणी लागतं. कोरड्या काउंटीत पाणी विकून चांगली कमाई होते, ती या एका ओळीत निघून जाते. तेलाबरोबर वर येणाऱ्या खाऱ्या पाण्याचं वेगळं आहे. ते काही उलट लिहिलेलं नसेल तर लीजधारक कंपनीचं, असं २०२५ मध्ये ‘कॅक्टस वॉटर विरुद्ध सीओजी’ खटल्यात टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. त्यात लिथियमसारखं काही सापडेल अशी शक्यता तुमच्या भागात बोलली जात असेल तर पहिल्याच परिच्छेदात ‘तेल, वायू आणि इतर खनिजं’ यातलं ‘इतर खनिजं’ खोडा आणि क्षारजलातल्या खनिजांचा हक्क राखून ठेवा.

बाकीची कलमं, भरभर

वॉरंटी: फॉर्ममध्ये तुम्ही मालकीची हमी देता. साखळीत पन्नास वर्षांपूर्वीचा दोष निघाला तर बोनस परत मागता येईल. पूर्ण खोडा. बहुतेक कंपन्या पहिल्या फटक्यात मान्य करतात, कारण मालकीची तपासणी त्या स्वतः करतातच.

मदर हबर्ड: ‘आणि लगतची मालकाची इतर जमीन’ असं छापलेलं असतं. ते कुंपणालगतच्या चिंचोळ्या पट्ट्यांपुरतं मर्यादित करा, नाहीतर पलीकडचा आख्खा तुकडा बोनसशिवाय आत जाईल.

प्रमाणशीर घट: तुमचा हक्क ४० एकरांत निम्मा असेल तर वर्णनात पूर्ण ४० एकर लिहा आणि घटीचं कलम त्याचं काम करू दे. वर्णनातच ‘अविभक्त निम्मा’ लिहिलं तर तीच घट दुसऱ्यांदा लावून चौथाई हातात ठेवण्याचा वाद निघतो.

सह्या: राहतं घर त्या जमिनीवर असेल तर नवरा-बायको दोघांच्या लागतात. भारतात सही करायची असेल तर अमेरिकी वकिलातीतली नोटरी किंवा ॲपोस्टिल, आणि त्यासाठी वेळ धरा.

पैसे हातात येणं

इथे फॉर्मपेक्षा त्याच्यासोबतचा कागद घातक असतो. लँडमन चेक देत नाही, ड्राफ्ट देतो. हा आपल्या बँकेतला डिमांड ड्राफ्ट नव्हे, जिथे पैसे आधीच भरलेले असतात. यावर लिहिलेलं असतं: ‘मालकी मंजूर झाल्यावर, ३० बँकिंग दिवसांत’. मधल्या काळात भाव पडला, कंपनीचा बेत बदलला, की ड्राफ्ट न वटता परत. २००८ मध्ये फोर्ट वर्थ भागात बार्नेट शेल या वायूच्या थरासाठी एकरी बोनस २० हजार डॉलरच्या वर गेला होता आणि त्याच वर्षी वायूचे भाव आणि बँका कोसळल्यावर ऑफर मागे घेतल्या गेल्या. तेजीत ३० दिवस फार मोठा काळ असतो.

सही केलेलं, नोटरी केलेलं मूळ लीज लँडमनच्या हाती ड्राफ्टच्या बदल्यात देऊ नका. त्याला मालकी तपासायला प्रत पुरते. मूळ कागद तुमच्या वकिलाकडे किंवा बँकेत ठेवा आणि पैसे खात्यात जमा झाल्यावर सोडा. नाहीतर तो आधी काउंटीत नोंदवला जाईल, ड्राफ्ट वटणार नाही, आणि तुमची जमीन नोंदीत अडकलेली दिसेल. काउंटीत पूर्ण लीज नोंदवण्यापेक्षा एक पानी मेमोरँडम, म्हणजे लीज झाल्याची थोडक्यात नोंद, नोंदवा. बोनस-रॉयल्टीचा आकडा जगजाहीर होत नाही. कंपनीलाही हेच आवडतं, म्हणून यावर वाद होत नाही.

बोनस निव्वळ खनिज एकरावर मोजतात. १६० एकरांत आजोबांचा निम्मा हक्क आणि तीन वारस असतील तर प्रत्येकाचे १६० भागिले ६, म्हणजे २६.६७ एकर. लँडमनचा आकडा वेगळा निघाला तर त्याच्याकडे मालकीच्या तपासणीचा अहवाल मागा. काही जण देतात.

करात बोनस साधं उत्पन्न धरलं जातं. रॉयल्टीवर मात्र छोट्या मालकांना १५ टक्के डिप्लीशनची, म्हणजे साठा घटत जातो म्हणून मिळणारी, वजावट आहे, जी बोनसला मिळत नाही. राज्य उत्पादन कर तेलावर ४.६ टक्के आणि वायूवर ७.५ टक्के, तो तुमच्या हिश्शातून जातो आणि विनावजावट कलमानेही टळत नाही. भारतात परतलेल्या, अमेरिकेचे करनिवासी नसलेल्या मालकांच्या रॉयल्टीतून एरवी ३० टक्के कापले जातात. निव्वळ उत्पन्नावर कर भरण्याचा पर्याय निवडता येतो. लीजवर सही करण्याआधी सीएला आणि तिकडच्या कर सल्लागाराला एकत्र बसवा.

याला पर्याय काय?

टेक्ससच्या जनरल लँड ऑफिसचा लीज फॉर्म उघड उपलब्ध आहे. तो शेजारी ठेवून ८८ वाचा. राज्य सरकार स्वतःच्या खनिजांसाठी रॉयल्टी खर्च न कापता घेतं, आणि त्यातली खर्चांची लांबलचक यादी पुरवणीत जशीच्या तशी उचलण्याजोगी आहे. ‘असं कलम कोणी देत नाही’ म्हणणाऱ्या लँडमनला हे पान दाखवा.

रेलरोड कमिशन ऑफ टेक्ससच्या संकेतस्थळाला मी पूर्ण गुण देईन. नाव रेल्वेचं, काम तेलाचं, आणि सगळं फुकट. नकाशावर आपल्या जमिनीभोवतीच्या विहिरी, डब्ल्यू-१ म्हणजे खोदकामाचे परवाने, आणि महिन्यागणिक उत्पादन दिसतं. आपल्या दोन-तीन मैलांत कोणत्या कंपनीने अलीकडे परवाने काढले हे कळलं की लँडमन कोणासाठी आलाय त्याचा अंदाज येतो, तो सांगत नसला तरी. तेलाचा आकडा लीजनुसार येतो, विहिरीनुसार नाही, हे ध्यानात ठेवून भागाकार करा. एका गोष्टीची अपेक्षा मात्र ठेवू नका: रॉयल्टी बुडाली, लीज मोडलं, अशा तक्रारी कमिशन घेत नाही. तो दोघांमधला करार, त्यासाठी न्यायालय.

वकील करायचाच तर टेक्ससमध्ये ‘ऑइल, गॅस अँड मिनरल लॉ’ची वेगळी बोर्ड मान्यता आहे, तीच बघा. घर खरेदीचे कागद करणारा वकील इथे उपयोगाचा नाही. चाळीस-पन्नास निव्वळ एकरांना वकील नक्की परवडतो. वस्तीतल्या पाव एकरासाठी परवडत नाही. तिथे स्वतःच चार ओळींची पुरवणी मागा: ढोबळ रकमेवर विनावजावट रॉयल्टी, पृष्ठभागाचा वापर नाही, वॉरंटी नाही, आणि विरोध आला तर पुरवणी वरचढ. गल्लीतल्या वीस घरांनी मिळून मागितलं तर कंपनी फोन उचलते. एकट्या घराला ती थांबवून ठेवते, कारण तुमच्याशिवायही तिची विहीर होते.

लीजनंतर

उत्पादन सुरू झालं की डिव्हिजन ऑर्डर, म्हणजे कोणाचा किती हिस्सा हे सांगणारा कागद, येते. त्यावरचा दशांश स्वतः मोजून बघा: निव्वळ एकर भागिले युनिटचे एकर गुणिले रॉयल्टी. टेक्ससच्या कायद्यात पहिल्या विक्रीचा महिना संपल्यापासून १२० दिवसांत पहिले पैसे, नंतर तेलाचे ६० आणि वायूचे ९० दिवसांत, आणि उशिरावर व्याज. चेकसोबतच्या तपशिलात वजावटीचा रकाना दर महिन्याला बघा. पुरवणीत विनावजावट असूनही कंपनीचं हिशेबाचं सॉफ्टवेअर छापील फॉर्म धरूनच चालतं, असं बऱ्याचदा आढळतं. पत्र गेलं की दुरुस्ती होते. दोन-तीन वर्षं कोणी बघितलंच नाही तर मागची रक्कम काढून घेणं जड जातं, म्हणून पुरवणीत हिशेब तपासण्याचा हक्कही हवा.

लीज संपलं की ६० दिवसांत कंपनीने काउंटीत रिलीज, म्हणजे हक्क सोडल्याचा कागद, नोंदवायचं, हेही आधीच लिहून ठेवा. छापील ८८ कंपनीला ते कधी करायचं ते सांगत नाही. मग पुढच्या कंपनीचा लँडमन येतो, नोंदीत जुनं लीज जिवंत दिसतं, तो म्हणतो आधी हे मिटवून आणा, आणि तोवर नवा बोनस अडकून पडतो.